एक्स्पोर्टच्या टेबलावर पहिल्यांदा बसणार असाल तर

बी.कॉम. झाल्यावर २०२० च्या पावसाळ्यात मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टच्या कागदांवर बसलो. भट्ट्या अर्ध्याच पेटत होत्या, परदेशातल्या पार्ट्या पेमेंट पुढं ढकलत होत्या आणि सवलतींची सर्क्युलरं एकामागून एक येत होती. सरकारच्या कोरोना पॅकेजचा आकडा टीव्हीवर सांगतात. आपल्याला शेवटच्या परिच्छेदातली तारीख बघावी लागते.

निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत देशात यायला हवेत, असा तेव्हा नियम होता. रिझर्व्ह बँकेनं ती मुदत १५ महिने केली, पण ३१ जुलै २०२० पर्यंत गेलेल्या मालालाच. ऑगस्टच्या शिपिंग बिलाला, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदाला, पुन्हा नऊच. म्हणून प्रत्येक बिलासमोर त्याची स्वतःची मुदत लिहून ठेवा.

कोरोनात धंद्यांसाठी आलेल्या कर्जहमी योजनेचंही तेच. २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेच्या कर्जाची जेवढी बाकी, तिच्या २० टक्के जादा कर्ज, नवं तारण न देता, केंद्राच्या हमीवर. फौंड्रीचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्जखातं होतं, तिला मिळालं. चपला बांधणाऱ्या कितीतरी कारागिरांचं बँकेत कर्जच नव्हतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं, पण चामडं उधारीवर आणणाऱ्याला २० टक्के कशाचे देणार?

खरी परीक्षा एचएस कोडची, म्हणजे कस्टम्ससाठी प्रत्येक मालाला ठरलेल्या आकडी वर्गाची. निर्यातदारांना मिळणारी जुनी एमईआयएस सवलत २०२० संपताना बंद झाली. तिच्या जागी रोडटेप, म्हणजे निर्यातीच्या मालावरचे कर परत देणारी योजना, १ जानेवारी २०२१ पासून लागू, दर मात्र १७ ऑगस्टला जाहीर! मधल्या काळात पार्टीला भाव कशाच्या जोरावर द्यायचा? दर आले, तर त्यात एचएस कोडचं ७३ वं, लोखंडी वस्तूंचं प्रकरणच नाही. साधं लोखंडी कास्टिंग ७३२५ मध्ये बसतं, मशीनिंग करून गाडीचा पार्ट म्हणून गेलं तर बऱ्याचदा ८७०८ मध्ये. म्हणजे एकाच भट्टीतून निघालेल्या एका मालाला परतावा, दुसऱ्याला डिसेंबर २०२२ पर्यंत वाट. लोखंड ओतून जगणाऱ्या भागाला हे जड गेलं आणि ते धोरण मला आजही पटत नाही. पण म्हणून परताव्यासाठी कोड सोयीनं फिरवायचा नाही. कस्टम्सची नोटीस आली की उत्तर तुम्हालाच लिहावं लागतं.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावला मुलाखतीला जाताना आयईसीपासून (निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक) ई-बीआरसीपर्यंतचा (पैसे आल्याचा बँकेचा दाखला) क्रम तोंडपाठ असू दे. सीएचएशी (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) फोनवर नीट बोलता आलं पाहिजे. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, आणि मार्चअखेरीला घरी जायची वेळ विचारू नका.