हेल्मेटमधल्या माईकवर वाऱ्याचा घरघराट येतोय?

बाईक चालवताना बोललेलं रेकॉर्ड केलं की आवाजापेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. बहुतेक वेळा दोष माईकचा नसतो, जागेचा असतो.

१. फुल-फेस हेल्मेटच घ्या. छोटा कॉलर माईक हनुवटीसमोरच्या भागात आतून चिकटवा. पुढच्या हवेच्या झरोक्यापासून तो लांब हवा. अगदी ओठांसमोरही नको, थोडा बाजूला. नाहीतर वारा जाऊन श्वासाचे फुसकारे येतात.

२. माईकला स्पंजची टोपी घाला, जमल्यास वर केसाळ कापडाचं आवरण. नुसता स्पंज वेगात कमी पडतो.

३. हनुवटीखालची फट कापडी पडद्याने बंद करा. हेल्मेटसोबत मिळालेला हा पडदा बरेच जण काढून ठेवतात, आणि खरा फरक तिथेच पडतो. समोरचा झरोका बोलण्यापुरता बंद ठेवला तरी चालतं.

४. रेकॉर्डरचा गेन (आवाज किती मोठा टिपायचा ते) कमी ठेवा, लो-कट (खालच्या सुरातला घरघराट कापणारी सोय) सुरू करा. फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये सुधारत नाही.

वायर गालाच्या गादीमागून न्या. मात्र माईक बसवण्यासाठी आतला थर्माकोल कोरू नका. डोकं वाचवणारा थर तोच आहे.