अहवालात ‘पास’, सीमेवर नापास : शेतमाल निर्यातीतील या चुका टाळा

अडकलेल्या खेपांची कागदपत्रे चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते, ती म्हणजे माल बहुधा चांगला असतो, पण नियम कोणीतरी अर्धवट वाचलेला असतो.

सर्वांत महागात पडते ते प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘पास’ हा शब्द पाहून निर्धास्त होणे. पास कोणत्या देशाच्या मर्यादेनुसार, हे विचारायचे राहूनच जाते. युरोपीय संघात एखाद्या पिकावरील एखाद्या कीटकनाशकाच्या अवशेषासाठी (मालात उरलेल्या अंशासाठी) वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. जपाननेही २००६ पासून अशीच पद्धत स्वीकारली आहे. ताज्या शेंगांच्या एका खेपेत मी स्वतः येथेच फसलो. अहवालात अवशेष ०.०३, शेजारी मर्यादा ०.५ आणि पुढे ‘पास’ असे होते. ती मर्यादा उत्पादक देशाची असल्याचे रकान्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते, पण संध्याकाळचे विमान गाठायचे असल्याने मी ते वाचले नाही. सीमेवर नमुना घेतला गेला आणि निकाल येईपर्यंत शेंगांची टोके काळी पडली. माल तर गेलाच, तो नष्ट करण्याचा खर्चही आमच्याच माथी आला. तेव्हापासून निष्कर्षाचा रकाना तळहाताने झाकून, जेथे माल जायचा त्या देशाच्या अधिकृत यादीतील आकडा मी आधी पेन्सिलीने समासात लिहितो. अर्थात फवारणीच त्या आकड्यानुसार ठरवायला हवी. काढणी तोंडावर आल्यावर ‘आता काय करता येईल?’ असे विचारणाऱ्यांना मी उत्तर देणे सोडले आहे.

गेल्या हंगामाची माहिती यंदा वापरू नका. युरोपीय संघाची जादा तपासणीच्या मालाची यादी सहा महिन्यांच्या आत पुन्हा तपासली जाते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची नोंद ॲलर्जीकारक घटकांत करावी लागते, तरीही जुनी लेबले छापणारे आहेतच.

माल रचण्याच्या लाकडी पॅलेटवर (फळ्यांच्या चौकटीवर), लाकडातील कीड मारल्याची खूण म्हणून, गव्हाच्या लोंबीचा शिक्का, देशाचा संकेत व प्रक्रियेची खूण असावी लागते. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते. रंगाने ठोकलेला बनावट शिक्का हा ‘जुगाड’ नव्हे, फसवणूक आहे.

अमेरिकेला समुद्रमार्गे जाणाऱ्या खाद्यमालाची पूर्वसूचना पोहोचण्याच्या किमान ८ तास आधी, तर विमानाने जाणाऱ्या मालाची ४ तास आधी द्यावी लागते.

फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी) प्रमाणपत्रावरील वनस्पतीचे शास्त्रीय नाव अक्षर न् अक्षर तपासा.

भाव न ठरवता माल पाठवण्याचा मोह मला कधीच समजला नाही. समुद्रप्रवासाच्या काही आठवड्यांत दुसऱ्या देशाची काढणी सुरू होते आणि निघतानाचा दर बंदरावर उरत नाही. त्यामुळे दर आणि नाकारलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, हे दोन्ही लेखी आल्याशिवाय मी कंटेनर भरू देत नाही.