कच्च्या वाटेवर चाक बदलताना: उंच फोर बाय फोर गाडी जॅकवर सुरक्षित कशी घ्यावी

थार, जिम्नी, गुरखा किंवा व्ही-क्रॉससारखा पिकअप घेऊन घाटातल्या कच्च्या वाटांना लागलात, की आज ना उद्या टायर कापला जाणारच. सह्याद्रीतला काळा पाषाण फुटला की त्याला धार येते आणि ती टायरच्या बाजूच्या भिंतीला लागते. तिथला काप पंक्चर किटने बुजवून चालत नाही, स्टेपनीच लावावी लागते. डांबरी रस्त्यावर हे काम सोपं आहे. चिखलात किंवा उतारावर मात्र लक्षात ठेवा: जॅक गाडी फक्त उचलतो. ती वर टिकून राहणं जमिनीवर आणि तुम्ही आधी केलेल्या तयारीवर अवलंबून असतं.

आधी जागा

चाक बसलं तिथेच थांबायचा हट्ट नको. टायर तसाही गेलेला आहे, म्हणून माणसाच्या चालीने गाडी पुढे काढा आणि सपाट, कडक जागा गाठा. मुरूम चांगला, कोकणातल्या सड्यावरचा उघडा कातळ तर उत्तमच. पावसाळ्यात काळ्या मातीवर मात्र भरवसा ठेवू नका. वरचा थर सुकलेला दिसतो आणि जॅक लावला की आत लोण्यासारखी दबते. रिम वाचवण्यासाठी उतारावरच जॅक लावणं फार महागात पडतं. वळणावर तर थांबूच नका. हॅझर्ड दिवे लावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा, सगळ्यांना खाली उतरवा.

गाडी जागची हलू नये म्हणून

‘गिअरमध्ये टाकली, आता कुठे जाते?’ हा समज घातक आहे. एका धुरीच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. मागचं एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुलटं. म्हणजे इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तरीही ती घरंगळू शकते. ऑटोमॅटिकच्या ‘पी’चंही तेच. हँडब्रेक बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या दोन चाकांनाच धरतो, आणि त्यातलं एक उचललं की उरतं एकच. जुन्या विलिस जीपचा हँडब्रेक तर चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर (धुरीपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर) असतो, त्यामुळे तिथे अधिकच सावध राहायला हवं.

म्हणून हँडब्रेक ओढा, गिअर टाका, आणि गाडीला ट्रान्सफर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर असेल तर तो फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू गिअरमध्ये घ्या. मग पुढची आणि मागची धुरी एकमेकींना जोडली जाते आणि जमिनीवर असलेली दोन चाकांची धुरी गाडीला धरून ठेवते. तरीही दगड हवेतच. जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून मोठे दगड पक्के ठोकून बसवा. थोडा उतार असेल तर उरलेल्या चाकांनाही उताराच्या बाजूने लावा.

जॅक लावण्यापूर्वी

स्टेपनी आधी काढा. पिकअपमध्ये ती हौद्याखाली साखळीला टांगलेली असते, आणि गाडी जॅकवर असताना तिच्यासाठी खाली सरपटणं जिवावर बेतू शकतं. हवा तिथेच तपासा.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-एक फेरा ढिले करा. पान्हा नीट बसवा आणि दांड्यावर वजन खालच्या दिशेने टाका, म्हणजे निसटलाच तर तोंडावर येणार नाही.

जॅकखाली फूटभर लांब-रुंद जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. गाडीत कायम ठेवावी अशी ही वस्तू आहे. खालची माती हाताने सपाट करा, सुटे खडे काढून टाका. दगडावर दगड रचून उंची गाठू नका. बाटली जॅक (बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक) असेल तर त्याचा वरचा स्क्रू आधीच फिरवून वर घ्या.

आता टेकू कुठे द्यायचा? चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जॅक लावला तर आधी सस्पेन्शन लोंबत जातं आणि गाडी खूप वर गेल्यावर चाक सुटतं. दोन्ही चाकांना जोडणारी एकच अखंड धुरी असेल तिथे धुरीखाली, चाकाजवळ लावला तर थोड्या उंचीत काम होतं. धुरीच्या मधल्या फुगीर भागाखाली, म्हणजे डिफरन्शियलच्या गोळ्याखाली मात्र लावू नका. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाड्यांमध्ये मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवरच जॅक लावा.

उचलताना

दोन-चार पंप मारा, थांबा, जॅककडे बाजूने बघा. तो उभा आहे की बोटभर कलला आहे? प्लायवूडची एक कड मातीत रुतते आहे का? रुतत असेल तर लगेच खाली घ्या आणि नव्याने मांडा. कललेला जॅक लाथ मारून सरळ करायचा मोह आवरा. भरलेलं चाक बसलेल्या चाकापेक्षा जास्त जागा मागतं, हे धरून थोडी उंची जास्त घ्या.

चाक सुटताच स्टेपनी आडवी करून चॅसीखाली सरकवा आणि मगच जुनं चाक काढा. मग जुनं चाक खाली, स्टेपनी बाहेर. जॅक घसरला तरी गाडी चाकावर टेकेल. या सगळ्यात शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली नको. जड स्टेपनी उचलताना कमरेवर जोर घेण्यापेक्षा पान्ह्याचा दांडा टायरखाली तरफेसारखा वापरा.

नटची निमुळती बाजू रिमकडे ठेवून हाताने बसवा. नंतर खालचं चाक काढा, गाडी उतरवा आणि नट समोरासमोरच्या जोड्यांनी कसा.

हाय-लिफ्ट जॅकबद्दल

उंच उभ्या पट्टीवर दांड्याने वर चढवायचा हा जॅक दिसायला रुबाबदार, पण सवय नसेल तर चाक बदलायला तो वापरूच नका. गाडी उंच चढते आणि बाजूला कलंडते. त्याचा दांडा सुटला तर जबड्यावर आदळतो, म्हणून दांडा आणि उभी पट्टी यांच्यामध्ये डोकं कधीही आणू नका. तो पोलादी बंपर किंवा मजबूत रॉक स्लायडरवरच (दाराखालच्या पोलादी संरक्षक नळीवरच) लागतो; प्लास्टिकच्या बंपरला अजिबात नाही.

गाडी निघण्याआधी दगड वाटेतून बाजूला टाका, डांबर लागण्याआधी फोर-लोमधून बाहेर या, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा कसा.