कोल्हापुरातल्या नदीकाठच्या पेठेचा जुना नकाशा आजच्या जागेवर कसा बसवावा

नकाशा मिळवणं अवघड नाही. नगर भूमापन कार्यालयात नकलेचा अर्ज करा, पुराभिलेखागारात मोडी कागद चाळा, मोडी वाचणारा कुणी गाठा. स्कॅन सपाट काचेवर करा. मोबाईलवर काढलेला फोटो कडेला वाकतो, पुढं रडवतो.

कोल्हापूर मुळात सहा वस्त्यांचं गाव म्हणतात: ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा, रावणेश्वर. त्यातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं निघाली. तिथंच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये बघता येते. पण म्हणून नकाशावर सातवाहनांच्या गल्ल्या काढत बसू नका. टेकाडाची कड तेवढी तुटक रेषेनं दाखवा आणि पुढं चला.

आता खरी डोकेदुखी, जुळणीचे बिंदू. जुन्या नकाशावरची आणि उपग्रहाच्या चित्रातली तीच जागा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत जोडायची असते. पहिल्या खेपेला मी पंचगंगेची कड धरली, कारण ती ठळक दिसत होती. नकाशा कोरड्या दिवसांतला, चित्र पावसाळ्यानंतरचं. अख्खी पेठ शहराकडं सरकली आणि एका वाड्याचं जोतं रस्त्याच्या मधोमध आलं. ज्या नदीची राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात, तिची कड खुंटी म्हणून वापरणं हा शुद्ध गाढवपणा होता. दोन आठवडे वाया गेले.

रस्त्याचे कोपरेही नकोत, रुंदीकरणात ते कधीच गेलेत. गंगावेशीत तर हमखास फसाल. वेस गेली, नाव राहिलं, आणि आजच्या चौकाचा मध्य म्हणजे वेशीची जागा नव्हे. देवळाचा गाभारा धरा. सभामंडप नंतर वाढवतात, गाभारा सहसा हलवत नाहीत. जुना आड, समाधीचा चौथरा हेही चालतात. शिवाजी पुलाचे दगडी खांब पक्के, पण तुमचा नकाशा पुलानंतरचा असेल तरच.

असे आठ-दहा बिंदू चारी बाजूंना पसरून घ्या. सगळे घाटाजवळ घेतलेत तर दुसरं टोक फाटकासारखं फिरतं. आणखी दोन बिंदू जुळणीत न घेता तपासणीला राखून ठेवा.

बिंदू जोडले की नकाशा कुठल्या पद्धतीनं बसवायचा ते निवडावं लागतं. हौशी मंडळी इथं ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडायला सांगतात. नका ऐकू. त्यात नकाशा रबरासारखा ताणला जाऊन प्रत्येक बिंदूवर अचूक बसतो, चूक शून्य दिसते आणि चुकीचा बिंदू बेमालूम लपतो. आधी साधं ‘पॉलिनॉमिअल १’ लावा, ते अख्खा नकाशा एकसारखाच सरकवतं, फिरवतं, ताणतं. ज्या बिंदूची चूक इतरांपेक्षा फार मोठी येईल, तो जागेवर जाऊन बघा. बहुतेक वेळा तुम्ही भलताच आड धरलेला असतो.

बसलेल्या नकाशाची प्रिंट घेऊन पेठेत जा, पण जुन्या माणसांना ती आधी दाखवू नका. दाखवली की ते नुसती मान डोलवतात. “काका, इथला आड कुठं होता?” एवढंच विचारा, ते बोट दाखवतील तिथं खूण करा आणि मगच प्रिंट उलगडा.