विल्नियसला लिथुआनियन शिकायला जाण्याआधी

बॅग भरण्याआधी माळ्यावरची शाळेतली संस्कृतची वही काढा. लिथुआनियनमध्ये सात विभक्त्या आहेत आणि शब्द चालवायची सवय तिथे पहिल्या आठवड्यापासून कामी येते. फक्त पंचमीला स्वतंत्र रूप नाही, तिचं काम षष्ठी करते. नकारार्थी वाक्यात कर्मही षष्ठीत जातं, ते मात्र नव्याने घोकावं लागेल.

मग संस्कृतशी जुळणाऱ्या शब्दांची एक यादी हाताने लिहा. अविस म्हणजे मेंढी, सूनुस म्हणजे मुलगा, उग्निस म्हणजे विस्तव, मेदुस म्हणजे मध. त्यांची एक म्हणही पाठ करा: 'दिएवस दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस'. देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. आपण चोच आणि चारा म्हणतो. मला ही म्हण भेटली तेव्हा अंगावर काटा आला होता.

एक समजूत मात्र घरीच ठेवा, लिथुआनियन संस्कृतातून निघाली ही. दोघी एका कुटुंबातल्या, आई-लेकी नव्हेत. या भाषेत जुनं फार टिकलंय म्हणून तर जर्मन भाषाशास्त्रज्ञ श्लायखर १८५२ साली प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या लिथुआनियन खेड्यांत शेतकऱ्यांचं बोलणं टिपत हिंडला.

सगळ्यात जास्त वेळ आघाताला, म्हणजे शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर पडतो त्याला द्या. तो लिहून दाखवत नाहीत, आणि विभक्ती बदलली की तो शब्दातली जागाही बदलू शकतो. नामांचे त्यानुसार चार वर्ग पडतात. मराठी कानाला ही सवय नाही, म्हणून प्रत्येक शब्द आघातचिन्ह असलेल्या कोशातून, मोठ्याने म्हणत शिका.

१८६४ ते १९०४ या काळाबद्दल वाचून जा. झारच्या राजवटीत रोमन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी होती आणि लोक प्रशियातून पुस्तकं पाठीवर लादून, चोरून आणत. त्यांना क्निग्नेशिस म्हणतात. १५७९ सालच्या विल्नियस विद्यापीठाच्या अंगणात उभं राहताना हे माहीत असायलाच हवं.

बाकी कामं सरळ आहेत. प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागेल का ते विद्यापीठाला आधीच विचारा, फोनमध्ये लिथुआनियन कीबोर्ड घाला, जाड बूट घ्या. डिसेंबरात दिवस सात-साडेसात तासांचाच असतो, तेही मनाशी धरा.

आणि स्वतःचं नाव चालवून बघा. तिथे परक्या नावांनाही प्रत्यय लागतात. रोहनचा रोहानस होईल, आणि मागून 'रोहानाय' अशी हाक आली तर ती तुम्हालाच आहे, संबोधनात.