चार्मथला मुलांना नेताय? आधी ओहोटी बघा

आधी भरती-ओहोटीची वेळ. डबे, टोप्या, टॉवेल सगळं नंतर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटच्या पश्चिम टोकाला, लाइम रीजिस आणि चार्मथच्या किनाऱ्यावर मुलांना जीवाश्म शोधायला न्यायचं असेल, तर तारीख शाळेच्या सुट्टीवरून ठरवू नका, समुद्रावरून ठरवा. मोठ्या भरतीला तिथे किनारा उरतच नाही. लाटा थेट कड्याच्या पायथ्याशी आपटतात, आणि तीन तास गाडीत कोंबून आणलेली पोरं बादल्या घेऊन विचारतात, "दगड कुठेत?" मागच्या खेपेला आम्ही हवामान पाहिलं होतं, रस्ता पाहिला होता, डबे तर तीन तऱ्हेचे होते. भरती कोणी पाहिली नव्हती. अर्धा जन्म रत्नागिरीत काढलेल्या सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण: पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग: चढही कमी, उतारही कमी. इंग्लिश खाडीलाही तोच चंद्र. शिवाय प्रत्येक बंदराची उधाणाची वेळ साधारण ठरलेली असते. लाइमच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी दुपारी बारा ते दोनच्या सुमारास येते, भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी. अष्टमी-नवमीकडे उलटं, ऐन दुपारी पाणी वर. म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय इथेही कामाचं आहे: पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावरचे दोन-तीन दिवस बघा आणि त्यात शनिवार-रविवार पडतो का ते पाहा. पडला तर तोच तुमचा दिवस. वाढदिवस, बारसं, मित्राकडचं बार्बेक्यू पुढच्या आठवड्यात ढकला.

हा झाला अंदाज. निघण्याआधी खरा तक्ता बघायचाच. युनायटेड किंगडम हायड्रोग्राफिक ऑफिसची ईझीटाइड सेवा येत्या आठवड्याचे आकडे फुकट दाखवते. त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, बंदर लाइम रीजिसच निवडा. जिल्हा एकच म्हणून पूलचे आकडे घेतलेत तर फसाल, पूलच्या खाडीत पाणी जेमतेम दोन मीटरच्या आत वरखाली होतं आणि भरतीही विचित्र, लांबलेली असते. लाइमला उधाणात साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. दोन, भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा शनिवारची वेळ रविवारी चालत नाही. तीन, काही तक्ते, विशेषतः छापील, वर्षभर जीएमटीत, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या वेळेत असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा असतो. भरती दहाला म्हणून अकराला पोचलात, पाणी आता तासभर उतरलेलं असेल या भरवशावर चालायला लागलात, की नेमके ऐन भरतीत सापडलात.

वेळ कळली की दिवस उलटा आखा. ओहोटीच्या दोन तास तरी आधी किनाऱ्यावर हवं. पाणी उतरत असताना शोधायचं, अगदी खाली गेलं की तोंड फिरवायचं आणि परत चालू लागायचं. "अजून पाच मिनिटं" मान्य करायचं नाही. फोनमध्ये अलार्म लावा. मनात नाही, फोनमध्ये.

एवढं का ओरडते आहे? कारण या किनाऱ्याला दोन बाजूंनी धोका आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कडा, आणि हा कडा सतत ढासळत असतो. कड्याखाली उभं राहायचं नाही, बसायचं नाही, सावली मिळते म्हणून चटई तर मुळीच टाकायची नाही. २०१२ च्या जुलैमध्ये जवळच्या बर्टन ब्रॅडस्टॉकला दरड कोसळून एक तरुणी गेली. मग कड्यापासून लांब राहायचं तर जागा कुठे? पाण्याच्या बाजूला. ती जागा फक्त ओहोटीला असते. भरती चढायला लागली की माणूस आपोआप कड्याकडे ढकलला जातो. चार्मथ ते लाइम किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायची हौस कोणाला आली तर लहान मुलं असताना सरळ नाही म्हणा. वाटेत ब्लॅक व्हेनचा ढासळता डोंगर आहे, आणि पाणी चढलं की पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. वेळ आलीच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, पोलीस नव्हे.

मुलांना हे पटवायला आईबापांच्या सूचना कामाच्या नाहीत. गाडीत जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगची गोष्ट सांगा. १७९९ साली लाइममध्येच जन्मलेली सुताराची मुलगी. १८११-१२ च्या सुमारास आधी भावाला डोकं सापडलं, मग तिला बाकीचं धड, असा अख्खा इक्थिओसॉर, माशासारखा दिसणारा प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी, निघाला. ती बारा वर्षांची होती. १८२३ मध्ये तिने लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी, प्लेसिओसॉर, काढला. तिचा कुत्रा ट्रे कायम बरोबर असायचा, आणि १८३३ मध्ये कडा कोसळला त्यात तो तिच्या डोळ्यांदेखत गेला. आमच्याकडे ट्रेचं ऐकल्यावर धाकटीने कड्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. लाइममध्ये २०२२ साली मेरीचा पुतळा उभारला, त्यात ट्रेही आहे. तिच्या घराच्या जागी आज लाइमचं संग्रहालय आहे.

आता सामान. गमबूट सगळ्यांना, मोठ्यांनाही. कड्यातून चिखलाचे लोट खाली येतात आणि वरून वाळलेले दिसतात, त्यावर पाय ठेवला की माणूस रुततो. मोजे दोन जोड जास्त. छोट्या झाकणाच्या डब्या आणि थोडा किचन रोल, कारण इथे जे सापडतं ते बहुधा नखाएवढं असतं: सोनेरी झाक असलेले पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखांचे जीवाश्म, आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे बेलेम्नाइट, म्हणजे माकुळासारख्या प्राण्याच्या आतल्या कवचाचे जीवाश्म. ते कड्यात नाही, पाण्याच्या कडेच्या बारीक खडीत बघायचे. उकिडवं बसून, एकाच जागी, चाळत. मुलं यात मोठ्यांपेक्षा सरस असतात, त्यांची नजर जमिनीच्या जवळ असते. हातोडा नेऊ नका. नेलातच तर तो मोठ्यांच्या हातात, डोळ्यांवर गॉगल, आणि घाव फक्त सुट्या दगडावर. कड्यावर हातोडा चालवणारे दिसले तर मुलांना घेऊन लांब व्हा.

सुटं सापडलेलं घरी नेता येतं. काही वेगळं, मोठं, हाडासारखं दिसलं तर किनाऱ्यावरच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये दाखवा. तिथे प्रवेश फुकट आहे, आत कशाला काय म्हणतात ते बघून मगच वाळूत उतरलं तर शोधणं सोपं जातं. त्यांच्या मार्गदर्शकाबरोबर पैसे भरून फेरीही असते, ती आधी राखून ठेवावी लागते. पहिल्यांदा जात असाल तर तीच घ्या. तिचा एक फायदा असा की वेळ ते ओहोटी बघूनच ठेवतात.

आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना जरूर न्या, पण सोबत घडीची खुर्ची, जुलै असला तरी स्वेटर आणि कानटोपी. चार्मथची खडी गुडघ्यांना त्रास देते, त्यांना फार लांब चालवू नका. मात्र पहिला अमोनाइट त्यांच्या हातावर ठेवा. आमच्या आजेसासूबाईंनी तो उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर शाळिग्राम." बरोबरच आहे, गंडकी नदीतले शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. त्यानंतर तो नातवाला परत मिळाला नाही, देवघरात गेला.

खाणं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, जे वाऱ्यात उडत नाही ते. भेळ नको. सीगल माणसाच्या हातातून चिप्स ओढून नेतात, पुरी सोडतील असं समजू नका, आणि लहान मूल घाबरून रडायला लागलं की पुढचा तास गेलाच. पबमध्ये जेवू म्हणत असाल तर लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी उघडतं. मुलांच्या भुकेला हे समजत नाही. पाणी भरपूर.

गाडी. डॉर्सेटमध्ये एकही मोटरवे नाही. लंडन किंवा रेडिंगकडून तीन तास धरा, सुट्टीतल्या शनिवारी चार, कारण ए३०३ स्टोनहेंजपाशी तुंबतो आणि ए३१ न्यू फॉरेस्टमध्ये. ओहोटी दुपारी एकला असेल तर अकराला पोचायचं, म्हणजे सातला घर सोडायचं. आठला नाही. आठला निघालात की ओहोटी हुकली, आणि हुकली की पुढची रात्री. शेजाऱ्यांचं मूल नेणार असाल तर त्याची कार सीट मागून घ्या, बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर यातलं जे आधी होईल तोवर कायद्याने लागतेच. उलटीच्या पिशव्या हाताशी, डिकीत नव्हे. पार्किंगचं ॲप घरीच उतरवून कार्ड जोडून ठेवा, तिथे सिग्नलचा भरवसा नाही. ट्रेनने जाणार असाल तर वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टर, पुढे बस. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डवर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट मिळते, पाचाखालच्यांना तिकीट नाही.

आणि तारीख बदलता येत नाही, ओहोटीची वेळ जमत नाही, असं असेल तर? चार्मथला जाऊच नका. हट्ट करू नका. डॉर्सेटमध्ये भरती-ओहोटीशी देणंघेणं नसलेलं पुष्कळ आहे. कॉर्फ कॅसल घ्या, इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४६ मध्ये, संसदेच्या सैन्याने सुरुंग लावून पाडलेला किल्ला, तिरके बुरूज अजून तसेच. नॉर्डनला गाडी लावून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने कॉर्फ करत स्वॉनेजला उतरता येतं. मुलांचा अर्धा दिवस त्यातच जातो. पाऊस असेल तर बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम. प्राण्यांसाठी वूलजवळचं मंकी वर्ल्ड. ब्राउनसी बेटावर लाल खारी आहेत, १९०७ मध्ये स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलने मुलांची पहिली छावणी तिथेच घेतली होती, पूलहून बोट. अगदी लहान मुलं असतील तर वेमथची सपाट वाळू, दुसरं काही नको. डर्डल डोअरची कमान फोटोत सुंदर दिसते, पण उतार तीव्र आहे आणि परत चढताना पोरगं तुमच्याच खांद्यावर असतं, बाबागाडी तर विसराच. चेझिल बीचवर दगड बघा, पश्चिमेला वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडकडे मुठीएवढे होत जातात, पण पाण्यात उतरू देऊ नका, किनारा एकदम खोल होतो. स्टडलंडची वाळू छान आहे, तिथे एका टप्प्यावर कपडे न घालणाऱ्यांचा किनारा आहे. पाटी असते. आजोबांना पुढे चालवण्याआधी पाटी वाचा.

पण हे सगळं चार्मथऐवजी, चार्मथबरोबर नव्हे. एका दिवसात दोन कोपरे करायला गेलात तर दिवस गाडीतच जातो.

आदल्या रात्री: डबे, बूट डिकीत, फोन चार्ज, तक्ता परत एकदा बघा. हो, परत. चुकीच्या तारखेचं पान उघडलेलं असतं.

परत येताना मुलं झोपतात, त्याआधी कपडे बदला. जीवाश्म घरी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा, पायराइटचे दमट जागी ठेवले तर काही काळाने भुगा होतो. गमबुटांचा चिखल बाहेर काढा, बेसिनमध्ये नको, तुंबतं.