फ्लोएमचं प्रॅक्टिकल: एरंड घ्या, भोपळा नको

वडोदऱ्यात बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं की आधी शब्दांचा गोंधळ. गुजराती माध्यमवाले ‘अन्नवाहक’ म्हणतात, मराठी पुस्तकात ‘रसवाहिनी’, वर्गात ‘फ्लोएम’. तिन्ही एकच: पानात बनलेली साखर झाडभर नेणाऱ्या नळ्या. खरी फसगत पुढे होते: शीर कापल्यावर जे गळतं, तोच साखरेचा रस असं धरून चालतात.

वडाच्या पानाचा पांढरा चीक वेगळ्याच नळ्यांमधला. तोंडी परीक्षेत इथे हमखास गुण जातात. लाल भोपळ्याचा देठ कापला की टपोरा थेंब येतो, पण काही मिनिटांत जेलीसारखा गोठतो आणि त्यात साखर नावापुरतीच. मुख्य चाळणीनलिका (फ्लोएममधल्या साखर वाहणाऱ्या नळ्या) कापताक्षणी प्रथिनांनी तुंबलेल्या असतात.

म्हणून एरंड. पडीक जागी सहज मिळतो आणि चीर दिली तरी लगेच तुंबत नाही. आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी घाला. सकाळी, ऊन चढायच्या आत, नव्या ब्लेडने खोडाच्या सालीत उथळ, तिरकी चीर द्या. ब्लेड लाकडाला लागू देऊ नका: तिथल्या जलवाहिन्या ताणाखाली असतात, थेंब बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जातो. थेंब आला नाही तर तीच चीर खोल करू नका, शेजारी नवी द्या. रस केशनळीत (केसासारख्या बारीक काचेच्या नळीत) धरा. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं उपकरण) १० ते १२ ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण तितक्या टक्के साखरेच्या, आसपास यायला हवं. (बिया विषारी आहेत, हात धुवा.)

सकाळच का? पानाच्या बारीक शिरांमध्ये सहपेशी (चाळणीनलिकेला चिकटलेल्या मदतनीस पेशी) सुक्रोज, म्हणजे साखर, प्रोटॉनसोबत आत घेतात. साखर वाढली की शेजारच्या जलवाहिनीतून पाणी परासरणाने आत येतं, दाब चढतो, आणि मुळं-फळं जिथे साखर उतरवून घेतात तिकडे रस वाहतो. जर्मन शास्त्रज्ञ म्युंखने १९३० मध्ये मांडलेली कल्पना हीच. जाड मधली शीर मुख्यतः वाहतुकीची; भरणा बारीक शिरांत होतो. भर दुपारी झाडाचं पाणी उडत असतं, चाळणीनलिकेतला दाब पडतो, थेंब येत नाही.

आता साखरेची चाचणी. रसात थेट बेनेडिक्ट (अपचायक साखर ओळखणारं निळं, तांब्याचं द्रावण) घातलं तर निळंच राहतं, आणि मुलं ‘साखर नाही’ लिहून मोकळी होतात. सुक्रोज अपचायक नाही. आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, मग फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा, मगच बेनेडिक्ट. सोडा विसरलात तर आम्लात ते चालत नाही.

एरंड नसेल तर इतर पानांसाठी ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन): डायसोडियम क्षार ०.७४ ग्रॅम, १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे २० मिलीमोलर. देठ द्रावणात बुडवूनच पुन्हा कापा. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून चाळणीची भोकं कॅलोजने (जखम झाली की झाड तिथे साचवतं तो पदार्थ) बुजत नाहीत. नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतंच, तिथे द्रावणाची ताकद वाया जाते. तासाभराने देठ धुऊन पाच-सहा पानं थोड्याशा डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि ते पाणी तपासा. ईडीटीएच्या द्रावणातच बेनेडिक्ट करू नका, ते तांबंही धरून ठेवतं.